जुन्या गाडीचा कार्बोरेटर उघडताय? आधी ही खास टूल्स कशासाठी असतात ते समजून घ्या

घरात जुनी आरएक्स १००, चेतक, बुलेट किंवा अ‍ॅम्बेसेडर असेल आणि ती सकाळी सुरू व्हायला नखरे करत असेल, तर आजूबाजूच्या सगळ्यांचा सल्ला ठरलेला असतो. "कार्बोरेटर साफ करून घ्या!" सोशल मीडियावर त्याचे व्हिडिओही ढिगाने आहेत. एक स्क्रू ड्रायव्हर, तारेचा तुकडा, वाटीभर पेट्रोल आणि पंधरा मिनिटांत काम फत्ते.

पण कितीतरी जुन्या कार्बोरेटरची वाट नेमकी याच पंधरा मिनिटांत लागते. कार्बोरेटरमधले जेट पितळेचे असतात आणि पितळ मऊ असतं. बॉडी जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते, ती चुकीच्या जोराने तडकते. पेट्रोल जिथून जातं त्या छिद्रांचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. त्यात भर म्हणजे अनेक जुन्या मॉडेलचे मूळ सुटे भाग आता बनत नाहीत.

म्हणूनच जुने कार्बोरेटर खोलण्यासाठी, मोजण्यासाठी आणि ट्यून करण्यासाठी खास टूल्स तयार झाली. त्यातली काही खरंच लागतात, तर काहींचं काम घरातल्या वस्तूनेही होतं. कोणतं टूल काय करतं आणि ते नसेल तर काय बिघडतं, ते एकेक करून पाहू.

कार्बोरेटर नेमकं काय करतो?

काम एका वाक्यात सांगता येतं. इंजिनात जाणाऱ्या हवेत योग्य प्रमाणात पेट्रोल मिसळायचं. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. पेट्रोल जास्त झालं की मिश्रण 'रिच' होतं. मग काळा धूर येतो, प्लग काळा पडतो, अ‍ॅव्हरेज घसरतं. पेट्रोल कमी पडलं की मिश्रण 'लीन' होतं. मग गाडी झटके देते आणि इंजिन तापतं.

आजच्या गाड्यांमध्ये हे गणित सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींमधूनही कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. मोटारींमधून तो त्याच्या बराच आधी गेला होता. जुन्या गाड्यांमध्ये मात्र हा सगळा हिशेब फ्लोट, सुई, स्प्रिंग आणि काही बारीक छिद्रांच्या जोरावर चालतो. माणसाने मोजून लावलेल्या या भागांची मापं हलली की हिशेबही बिघडतो.

पहिलं टूल: योग्य स्क्रू ड्रायव्हर

ऐकायला साधं वाटेल, पण सर्वाधिक नुकसान इथेच होतं. बाजारातल्या नेहमीच्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक निमुळतं असतं. जेटच्या खाचेत ते फक्त वरच्या कडेला टेकतं. जोर लावला की टोक घसरतं आणि पितळेची कड उडते. खाच एकदा गोल झाली की जेट ड्रिलने पोखरूनच काढावा लागतो. त्यात बॉडीतला आटाही जाऊ शकतो.

यासाठी 'होलो ग्राउंड' स्क्रू ड्रायव्हर मिळतात. त्यांच्या टोकाच्या दोन्ही बाजू समांतर असतात, त्यामुळे टोक खाचेत तळापर्यंत घट्ट बसतं. टोकाची रुंदी जेटच्या खाचेइतकीच हवी. जास्त रुंद टोक आजूबाजूचे आटे खरवडतं.

जपानी कार्बोरेटरची गंमत वेगळी. आरएक्स १०० वर येणाऱ्या मिकुनीसारख्या कार्बोरेटरचे फुलीचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले तरी ते जपानी मानकाचे असतात, म्हणजे 'जेआयएस'. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण खोल जात नाही, जोर लावला की वर उसळतं आणि स्क्रूचं डोकं खराब होतं. जेआयएस टोक पूर्ण बसतं. 'स्क्रू गंजून अडकलाय' अशी तक्रार असते तेव्हा अनेकदा गंजापेक्षा चुकीचं टोक जास्त जबाबदार असतं.

जेटमध्ये तार का घालू नये?

व्हिडिओंमध्ये सर्रास दिसणारी गोष्ट म्हणजे जेटमधून तार फिरवून केलेली सफाई. यात काय बिघडतं ते साध्या गणिताने कळतं. जेटचं छिद्र १.०० मिलिमीटरचं आहे आणि तारेने घासून ते १.१० मिलिमीटर झालं, असं समजा. व्यास १० टक्के वाढला, पण छिद्राचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे २१ टक्क्यांनी. डोळ्यांना फरक दिसत नाही, पेट्रोलच्या खर्चात मात्र दिसतो.

त्यामुळे जेटसाठी दोन प्रकारची टूल्स असतात. सफाईसाठी नायलॉनचे बारीक ब्रश, कार्बोरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा. मोजण्यासाठी पिन गेज, म्हणजे नेमक्या जाडीच्या पोलादी पिनांचा संच. कोणती पिन जाते आणि कोणती अडते यावरून छिद्राचं खरं माप कळतं. पिन फक्त मोजायला वापरायची, घासायला नाही.

जेटवरच्या आकड्यांचा अर्थही कंपनीनुसार बदलतो. इटालियन वेबर कार्बोरेटरच्या मेन जेटवर १२० लिहिलं असेल तर छिद्र १.२० मिलिमीटरचं. ब्रिटिश अमालच्या मेन जेटवरचा आकडा मात्र छिद्राचा नसतो, मिनिटाला किती घनसेंटिमीटर पेट्रोल वाहतं त्याचा असतो. 'आकडा तोच आहे' म्हणून एकाचा जेट दुसऱ्याला बसवला तर गडबड ठरलेली.

फ्लोटची उंची: दोन-तीन मिलिमीटरची करामत

कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल किती उंचीपर्यंत भरायचं हे फ्लोट ठरवतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखंच हे काम. पातळी वर गेली की मिश्रण रिच होतं आणि पेट्रोल ओव्हरफ्लो होतं. खाली गेली की वेग घेताना इंजिन उपाशी राहतं.

ही उंची मोजण्यासाठी प्रत्येक कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ठरलेलं माप आणि त्यासाठीचं गेज सांगितलेलं असतं. वेबर डीसीओई या प्रसिद्ध मॉडेलसाठी दोन टोकांना दोन मापं असलेलं छोटं गेज मिळतं. ब्रिटिश एसयू कार्बोरेटरच्या जुन्या पितळी फ्लोटच्या मॉडेलमध्ये झाकणाच्या कडा आणि फ्लोटची पट्टी यांच्यामध्ये, मॉडेलनुसार ३/८ किंवा ७/१६ इंचाची गोल सळई बसायला हवी. या 'खास टूल'साठी त्याच मापाच्या ड्रिल बिटचा दांडाही पुरतो.

आणखी एक पद्धत पारदर्शक नळीची. वाटीच्या तळाच्या ड्रेनला नळी जोडून ती वाटीच्या बाजूने उभी धरली की आतल्या पेट्रोलची पातळी नळीत दिसते. गवंडी भिंतीची पातळी पाण्याच्या नळीने बघतात, तसंच. कार्बोरेटर न उघडता खरी पातळी कळते, हा याचा मोठा फायदा. इथे पेट्रोल उघडं असतं, म्हणून आसपास ठिणगी किंवा आग नको.

एसयू कार्बोरेटर: केसापेक्षा बारीक फटीचा खेळ

खास टूल का लागतं, हे एसयूच्या उदाहरणावरून सर्वात चांगलं समजतं. एसयू म्हणजे 'स्किनर युनियन'. इंग्लंडमधल्या जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा कार्बोरेटर तयार केला. त्यांचं घराणं चपला-बुटांच्या व्यवसायातलं होतं आणि सुरुवातीच्या एसयूमध्ये चामड्याचा भाता होता. त्याची जागा पुढे धातूच्या पिस्टनने घेतली. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९२६ मध्ये ती मॉरिसकडे गेली. आपली अ‍ॅम्बेसेडर मूळच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, त्यामुळे एसयू भारतातल्या गॅरेजमध्येही पोहोचला.

एसयूमध्ये पिस्टनला एक निमुळती सुई लावलेली असते आणि ती खालच्या जेटमध्ये वर-खाली होते. सुई वर गेली की जास्त पेट्रोल, खाली आली की कमी. नेहमीच्या मापाच्या जेटचं छिद्र ०.०९० इंच, तर सुईचा सर्वात जाड भाग ०.०८९ इंच. दोघांतला फरक ०.००१ इंच. तो दोन्ही बाजूंना वाटला तर प्रत्येक बाजूला साधारण ०.०१३ मिलिमीटरची फट उरते. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे ही फट केसाच्या पाचव्या भागाइतकी!

सुई जरा जरी एका बाजूला घासली तरी जेट अंडाकृती झिजतो आणि मिश्रण कायमचं बिघडतं. यासाठी 'जेट सेंटरिंग टूल' असतं. सुईच्या जागी बसणारी ही नेमक्या मापाची दांडी जेटला बरोबर मध्यभागी आणते. मग जेटचा नट कसायचा. काम नीट झालं की नाही हे कानाने तपासतात. पिस्टन वर उचलून सोडला की तो खाली टेकताना 'टक्' असा स्वच्छ आवाज यायला हवा. आवाज मंद आला किंवा पिस्टन वाटेत अडखळला तर जेट पुन्हा मध्यभागी आणायचा. नंतरच्या काही एसयूमध्ये सुई स्प्रिंगने मुद्दाम एका बाजूला टेकवलेली असते, तिथे मात्र हे सेंटरिंग लागत नाही. म्हणून आधी मॉडेल ओळखायचं, मग टूल विकत घ्यायचं.

एसयूचं मिश्रण जेटखालच्या षटकोनी नटने लावतात. त्यासाठी अरुंद जागेत शिरणारा पातळ पाना मिळतो. सुरुवातीला जेट वरच्या पातळीशी समतल करून नट दोन पूर्ण फेरे खाली घेतात. मग इंजिन गरम झाल्यावर पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलून बघतात. इंजिनाचा वेग क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर, वाढून तसाच राहिला तर रिच, इंजिन गचके खाऊन बंद पडू लागलं तर लीन. यासाठी बहुतेक एसयूवर छोटी पिन दिलेली असते. म्हणजे इथे तपासणीचं टूल कार्बोरेटरसोबतच येतं.

टूल नसेल तर पडदा फाटलाच

एसयूचाच भाऊबंद म्हणावा असा झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग कार्बोरेटर ट्रायम्फ, जॅग्वार, साब अशा गाड्यांवर येत असे. त्यात पिस्टनला पातळ रबरी पडदा जोडलेला असतो. १९७० च्या दशकातल्या मॉडेलमध्ये सुई वरून, पिस्टनच्या आतून, अ‍ॅलन कीने फिरवावी लागते. नुसती अ‍ॅलन की घालून फिरवली तर सुईबरोबर पिस्टनही फिरतो आणि त्याला जोडलेला पडदा पिळवटून फाटतो.

म्हणून याचं टूल दुहेरी असतं. बाहेरची नळी पिस्टनच्या खाचेत अडकून त्याला धरून ठेवते आणि आतली अ‍ॅलन की फक्त सुई फिरवते. पहिल्यांदाच ट्यूनिंग करणाऱ्याला या टूलची गरज लक्षात येत नाही, आणि लक्षात येते तोवर पडदा फाटलेला असतो.

न दिसणारं दाखवणारी टूल्स

आतापर्यंतची टूल्स खोलण्याची आणि मोजण्याची होती. आता चालू इंजिनात काय चाललंय ते दाखवणारी.

*कलरट्यून प्लग:* हा काचेची खिडकी असलेला स्पार्क प्लग. नेहमीच्या प्लगच्या जागी लावला की सिलिंडरच्या आतल्या ज्योतीचा रंग दिसतो. स्वयंपाकघरातली गॅसची शेगडी डोळ्यांसमोर आणा. निळी ज्योत म्हणजे मिश्रण बरोबर, पिवळी-नारिंगी म्हणजे रिच, फिकट पांढुरकी निळी म्हणजे लीन. हा प्लग सावलीत, कमी वेगावर आणि थोडा वेळच वापरायचा. तो लावून गाडी चालवायची नसते.

*सिंक्रोमीटर:* दोन किंवा जास्त कार्बोरेटर असलेल्या गाड्यांसाठी. प्रत्येक कार्बोरेटरच्या तोंडावर हे मीटर टेकवलं की तो किती हवा ओढतोय ते कळतं. एक जास्त आणि दुसरा कमी ओढत असेल तर इंजिन थरथरतं. जुन्या मेकॅनिकांची फुकटातली युक्ती म्हणजे रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं. दोन्हीकडचा 'हिस्स' आवाज सारखा आला की काम झालं.

*व्हॅक्युम गेज:* इंजिन किती जोराने हवा ओढतंय ते दाखवतं. धडधाकट मोटारीचं इंजिन समुद्रसपाटीला आयडलवर साधारण १७ ते २१ इंच पारा इतकं दाखवतं. दर हजार फुटांवर हा आकडा सुमारे एक इंचाने घसरतो. म्हणजे मुंबईत १८ दाखवणारी गाडी पुण्यात १६ च्या आसपास आणि महाबळेश्वरात १४ च्याही खाली दाखवेल. गाडीत काहीच बिघडलेलं नसतं, हवा विरळ असते. घाटावर गेल्यावर कार्बोरेटरची गाडी थोडी रिच का चालते, त्याचं उत्तरही यातच आहे.

झिजलेला स्पिंडल: साफसफाईने न सुटणारं दुखणं

कार्बोरेटर दोनदा साफ केला, किट बदललं, तरी आयडल जागेवर राहत नाही. अशा वेळी थ्रॉटलचा स्पिंडल हलवून बघायचा. तो खुळखुळत असेल तर झिजलेल्या भोकातून न मोजलेली हवा आत शिरतेय आणि कोणताही स्क्रू फिरवून ते सुटणार नाही.

दुरुस्तीसाठी रीमर लागतो. रीमरने भोक नेमकं मोठं करून त्यात नवी बुश ठोकतात आणि पुन्हा रीमर फिरवून दोन्ही बाजू एका रेषेत आणतात. हात जरा तिरका पडला तर थ्रॉटल अडकतो, आणि चालत्या गाडीत अडकलेला थ्रॉटल जीवावर बेतू शकतो. शिवाय थ्रॉटलच्या चकतीचे स्क्रू मागून फाकवलेले असतात, ते सुटून इंजिनात पडू नयेत म्हणून. परत बसवताना ते तसेच पक्के करावे लागतात. हे काम घरी शिकण्याचं नाही, अनुभवी मिस्त्रीकडेच द्यावं.

सफाईचं मशीन आणि पेट्रोलचा धोका

अल्ट्रासोनिक क्लीनर हल्ली घरगुती आकारातही मिळतो. ध्वनिलहरींमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि ब्रश पोहोचत नाही तिथली घाण निघते. त्यात पाण्यात मिसळायचं सौम्य डिटर्जंटच वापरायचं. टाकीत पेट्रोल किंवा थिनर ओतणं म्हणजे आगीला आमंत्रण. कॉस्टिकसारखे तीव्र पदार्थ जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम खातात, तेही टाळायचे. मशीनमध्ये टाकण्यापूर्वी रबरी आणि प्लास्टिकचे भाग काढून ठेवायचे.

अलीकडची आणखी एक अडचण इथेनॉलची. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचे रबरी सील, नळ्या आणि कॉर्कचे भाग त्यासाठी बनलेले नव्हते, ते फुगतात किंवा ठिसूळ होतात. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं लीनही होतं. म्हणून रिपेअर किट घेताना त्यातलं रबर इथेनॉलला टिकणारं आहे का, हे आवर्जून विचारावं.

मग घ्यायचं काय आणि सोडायचं काय?

सगळी टूल्स एकदम घ्यायची गरज नाही. एका गाडीच्या मालकाने हा क्रम धरला तरी पुरे:

- आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. मापच माहीत नसेल तर मोजून उपयोग नाही.
- जेटच्या मापाचे होलो ग्राउंड स्क्रू ड्रायव्हर, आणि जपानी कार्बोरेटर असेल तर जेआयएस.
- फ्लोटसाठी व्हर्नियर कॅलिपर किंवा मॅन्युअलमधल्या मापाचं गेज.
- नायलॉन ब्रश, क्लीनर, हातमोजे आणि डोळ्यांसाठी गॉगल.
- आपल्याच मॉडेलला लागणारं एखादं खास टूल, उदाहरणार्थ एसयूचं सेंटरिंग टूल किंवा स्ट्रॉम्बर्गची दुहेरी की.

एकच कार्बोरेटर असेल तर सिंक्रोमीटर लागत नाही. पिन गेज, रीमर आणि अल्ट्रासोनिक मशीन वर्षातून एकदा वापरायचं असेल तर ते असलेलं गॅरेज शोधणं स्वस्त पडतं.

काही सवयींना पैसेही पडत नाहीत. खोलण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढा. मिक्स्चर स्क्रू काढण्याआधी तो किती फेऱ्यांत हलकेच तळाला टेकतो ते मोजून लिहून ठेवा. टेकल्यावर आवळू नका, त्याचं सुईसारखं टोक आणि बॉडीतली बैठक दोन्ही खराब होतात. आणि कार्बोरेटरला हात लावण्याआधी प्लग, पॉइंट, टायमिंग आणि एअर फिल्टर तपासा. इग्निशनचा बिघाड अनेकदा कार्बोरेटरच्या बिघाडासारखाच वागतो, आणि ठीक असलेला कार्बोरेटर विनाकारण उघडला जातो.

हे सगळं आता का महत्त्वाचं?

केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम आणले. ५० वर्षांहून जुन्या आणि मोठे बदल न केलेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळू शकतो. म्हणजे जुनी गाडी मूळ स्वरूपात जपण्याला आता कागदावरही किंमत आहे. एसयू आणि अमालचे सुटे भाग इंग्लंडमध्ये आजही बनतात. पण प्रत्येक कार्बोरेटरचं नशीब इतकं चांगलं नाही. अनेक मॉडेलच्या बाबतीत गाडीवर आहे ती बॉडी हीच शेवटची.

त्यामुळे पुढच्या वेळी एखादा व्हिडिओ बघून स्क्रू ड्रायव्हर हातात घ्याल, तेव्हा एक मिनिट थांबून टोक खाचेत पूर्ण बसतंय का एवढं बघा. बसत नसेल तर स्क्रू तसाच राहू द्या आणि आधी योग्य टोकाचा स्क्रू ड्रायव्हर आणा.